शर्यतीच्या गाडीचा कडता

नव्या हंगामाचे तांत्रिक नियम आमच्या ग्रुपवर आले तेव्हा मी नांदेडच्या होस्टेलच्या मेसमध्ये वरणभात खात होतो. बाकीच्यांनी फाइल उघडली, वरून खाली सरकवली आणि पुन्हा जेवायला लागले. मला तसं जमत नाही. माझी शाळा अहमदपूर तालुक्यातल्या गावात, मराठी माध्यमाची. इंग्रजी मजकूर मी बोट ठेवून, ओळ न ओळ वाचतो. पहिल्या वर्षी याची लाज वाटायची. त्या दिवशी मात्र त्याच सवयीमुळे एक ओळ मला सगळ्यांच्या आधी दिसली. मी ती तीनदा वाचली, कारण मला वाटलं माझंच इंग्रजी चुकतंय.

ओळ साधी होती. यंदापासून गाडीचं किमान वजन चालकासकट मोजलं जाईल.

आमची शर्यत कॉलेजांची. रस्त्यावर धावणारी चार दारांची साधी गाडी घ्यायची, आतलं सगळं उपसून काढायचं, चालकाभोवती लोखंडी पिंजरा बसवायचा आणि हंगामातल्या चार फेऱ्या पळवायच्या. एका कॉलेजची एक गाडी. मागच्या वर्षापर्यंत गाडी रिकामी मोजायचे, त्यामुळे चालक जितका काटकुळा तितका फायदा. मी काटकुळा नाही. माझं वजन इथं लिहीत नाही, पण टीममध्ये मला ‘पोतं’ म्हणायचे यावरून समजून घ्यावं. अख्खा मागचा हंगाम मी गाडी ढकलायला, जॅक लावायला आणि चाकं उचलायला होतो. ट्रॅक्टर मी दहावीपासून चालवतो, सरावात माझी वेळही वाईट नसायची, पण आमचा कप्तान हसून म्हणायचा, “तुला बसवलं की गाडीचा टेम्पो होतो बे.” मीही हसायचो. मला गाडी चालवायची आहे, हे कुणाला सांगायचं धाडस मला झालं नव्हतं.

नवे नियम आणखीही बरेच होते. इंजिनच्या हवेच्या नळीत सगळ्यांना एकाच मापाचं भोक असलेली चकती बसवायची, म्हणजे कुणाचं इंजिन जास्त हवा ओढणार नाही. इंजिनला तारेचं सील. सगळ्यांचे टायर एकाच जातीचे. पहिल्या तीन येणाऱ्या गाड्यांनी पुढच्या फेरीत जादा वजन वाहायचं. मोठ्या शहरांतली कॉलेजं इंजिनवर जे काही करून आणायची ते सगळं एका फटक्यात बंद झालं होतं. आम्ही मागच्या वर्षी शेवटून दुसरे होतो. त्या रात्री मेसमध्ये ताटं तशीच वाळत राहिली. कप्तान बाकावर उभा राहून नियम वाचत होता आणि प्रत्येक नियमाला कुणीतरी टेबल बडवत होतं.

“आणि हे बघा,” तो म्हणाला, “चालकासकट वजन. पोत्या, आता तू चालतोस.”

सगळे हसले. त्याला ते नुसतं हसण्यावारी न्यायचं होतं की खरं होतं, कळेना. मी भाताकडे बघत बसलो.

चालकाच्या जागेसाठी आम्ही दोघं होतो. दुसरी होती एक मुलगी, माझ्यापेक्षा एक वर्ष मागे, देगलूरची. होस्टेलवर नावांऐवजी गावं चालतात, म्हणून तिला सगळे देगलूरच म्हणायचे. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, वर्कशॉपमध्ये दोन्ही. मला ती ‘अन्ना’, म्हणजे तेलुगूत मोठा भाऊ, म्हणायची, पण तिच्या तोंडून त्यात आदर फारसा ऐकू यायचा नाही. अंगानं सुतळीसारखी. गाडी मात्र अशी चालवायची की बघणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. टीमच्या सरांनी आम्हा दोघांची चाचणी घेतली. वेळ जवळजवळ सारखीच आली. कधी ती पुढे, कधी मी.

“मग वजनावर ठरवू,” सर म्हणाले. “ज्याच्यासोबत गाडी किमान वजनाच्या वर न जाता त्याच्या सगळ्यात जवळ येईल, तो बसेल.”

कारण असं, की गाडी कमी भरली तर लोखंडी पट्ट्या बोल्टनं बसवून वजन पुरं करावं लागतं, जास्त भरली तर ते ओझं फुकट वाहायचं. नेमकं भरलं तर उत्तम.

गाडी तेव्हा लातूरला होती. पूर्वी ती लातूर-उदगीर रस्त्यावर टॅक्सी म्हणून धावायची, पेशंट आणि क्लासची पोरं ने-आण करायची. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तिला पिंजरा बसवून घेत होतो. चारही चाकांखाली एकेक काटा ठेवून मोजायचं होतं, म्हणजे कोणत्या चाकावर किती भार आहे तेही कळतं. असे चार काटे आणायचे कुठून? कप्तानच्या मामांची लातूरच्या मार्केट यार्डात धान्याची आडत होती. मामा म्हणाले, आडतीवर या, मोजा.

आवक जोरात होती. इलेक्ट्रॉनिक काटे सगळे मालाखाली अडकलेले. मामांनी गोदामातून जुने दांडीचे चार काटे काढून दिले आणि सोबत मापाडी दिला. धोतर, टोपी, कानात अत्तराचा बोळा. दांडीवरचं वजन बोटानं सरकवून आकडा हेरण्यात त्याचा हात असा चालायचा की आम्हाला त्या खुणा दिसायच्या आधीच तो पुढच्या काट्यावर गेलेला असायचा.

मापाड्याची मोजणी ज्यानं ऐकली नाही त्याला सांगतो. ते पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग सूर धरून आकडे ओढत जातात. गाडीत आधी मी बसलो, हेल्मेट घालून. त्यानं पहिल्या चाकाला “लाऽभ” म्हणत आकडा पुकारला, मग दुसरं, तिसरं, चौथं. हमाल हातातलं काम सोडून बघायला जमले होते.

“गाडीची तूर करून ऱ्हायले का काय,” एकजण म्हणाला.

“माल बरा हाय,” दुसऱ्यानं हेल्मेटकडे बघत सांगितलं, “पण ओला हाय.” मी घामानं भिजलो होतो.

देगलूर आकडे लिहून घेत होती. तिनं बेरीज केली, पुन्हा केली, आणि तोंड वाकडं केलं. माझ्यासकट गाडी किमान वजनाला जवळजवळ चिकटून होती. ती बसली की पुष्कळ पट्ट्या लागणार होत्या.

“जा अन्ना,” ती म्हणाली. “देवानं तुला पट्ट्यांसकट जन्माला घातलंय.”

मला आनंद झाला, खूप झाला. परतीच्या एसटीत अहमदपूर मागे जाईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून एकटाच हसत होतो. पण लोह्याच्या आसपास एक विचार आला आणि तो गेला नाही. मी गाडी चालवतो म्हणून मला बसवलंय, की नुसतं वजन भरायला?

पहिली फेरी हैदराबादच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या खासगी धावपट्टीवर. तिथं आयोजकांचा मोठा काटा होता, ज्याला हवं त्यानं शर्यतीआधी गाडी मोजून घ्यावी. रांग लांब होती. कप्तान म्हणाला, “मापाड्यानं मोजलंय. लातूरच्या काट्यावर शंका घेऊन रांगेत उभं राहायचं?” आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. पुण्याकडची पोरं रांगेत उभी होती आणि आम्ही ताडपत्रीवर बसून देगलूरच्या आईनं वाटेत डब्यात भरून दिलेला चिंचेचा भात खात होतो.

शर्यतीत मी मधल्या घोळक्यात आलो. वळणावर मी लोकांना धरायचो आणि सरळ पट्टीवर ते हळूहळू निसटायचे. सगळ्यांच्या नळीत तेच भोक, सगळ्यांचे टायर तेच, मग आमचीच गाडी जड का पळते ते कळेना. शर्यतीनंतर काट्यावर फक्त पहिल्या तिघांना बोलावतात, त्यामुळे आमची गाडी मोजलीच गेली नाही. परत येताना कुणी मला काही बोललं नाही. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्याच आठवड्यात बाबांनी तूर काढली. गाडी मोजायच्या निमित्तानं आडत ओळखीची झाली होती, म्हणून यंदा ते माल लातूरला त्याच मामांकडे घेऊन आले. मी होस्टेलवरून थेट तिथं पोचलो. बाबांना माझ्या शर्यतीचं काय सांगावं हे मला कधी कळलं नव्हतं. “कॉलेजात गाड्या पळवायलाबी शिकवतेत का?” त्यांनी एकदा विचारलं होतं. मी हाव म्हणालो होतो आणि विषय संपला होता.

तोच मापाडी होता. या वेळी इलेक्ट्रॉनिक काटा. पोतं चढलं, लाल आकडे थरथरून थांबले, मापाड्यानं सूर लावला, “लाऽभ...” मी सहज काट्याच्या पाटीकडे बघत होतो. पाटीवरचा आकडा वेगळा आणि त्याच्या तोंडचा वेगळा. दुसरं पोतं, तसंच. तिसरंही. पुकारलेला आकडा दर वेळी थोडा कमी.

“बाबा, हे कमी सांगून ऱ्हायले.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. “कडता हाय तो. बारदानाचा अन् माती-कचऱ्याचा. पोत्याचं वजन तुरीच्या भावानं कोण घेईल?”

कडता मला काय माहीत नव्हता? लहानपणापासून ऐकत आलोय. पण ऐकलेली गोष्ट समोर उभी राहावी तसं झालं. मी पोत्यांवरून उडी मारून मापाड्याजवळ गेलो.

“मामा, आमची गाडी मोजली व्हती तवा... तवाबी कडता कापला व्हता का?”

त्यानं पुढचं पोतं पुकारून घेतलं, मग माझ्याकडे वळला. “हाव. कापला की.”

“गाडीला?”

“चाकामागं दोन पोती धरली. काट्यावर चढलं की कटतंय बाबा. पोत्याला कापायचं अन् गाडीला सोडायचं, हे बरोबर हाय का?”

मी हिशेब केला. चार चाकांची आठ पोती, पोत्यामागं किलो-दीड किलो, मिळून दहा-बारा किलो. म्हणजे गाडी आम्ही समजत होतो त्यापेक्षा तेवढी जड होती आणि पहिल्या फेरीत मी ते ओझं फुकट वाहिलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. गाडीत दोष नव्हता, माझ्यात दोष नव्हता! मी फोन काढला, कप्तानचा नंबर काढला, आणि तिथेच थांबलो.

कारण बाकीचा अर्धा हिशेब तेव्हा सुचला. खऱ्या वजनानं माझ्यासकट गाडी किमान वजनाच्या वर जात होती. देगलूर बसली असती तर थोड्या पट्ट्या लावून ती नेमकी भरली असती. सरांच्या नियमानं जागा तिची होती. ज्या काट्यानं मला बसवलं होतं त्याचा आकडाच खरा नव्हता.

फोन मी कप्तानला न लावता तिला लावला. सगळं सांगितलं. पलीकडे वर्कशॉपमधला ग्राइंडर चालू होता.

“दहा-बारा किलो?” ती म्हणाली.

“हाव. म्हणजे जागा तुझी.”

“ते नंतर. आधी सांग, तू बारा किलो जादा घेऊन वळणावर त्या पोरांना धरत व्हतास?”

 हे मी तसं बघितलंच नव्हतं.

“मग एकदा हलकी गाडी चालवून दाव,” ती म्हणाली. “दुसरी फेरी तुझी, तिसरी माझी. पण ते बारा किलो गाडीतून काढायचे. तुझ्यातून तर काय निघत न्हाईत.”

पिंजऱ्याचा एक जोड पुन्हा वेल्ड करायचा होता, म्हणून गाडी पुन्हा लातूरच्या शेडमध्येच होती. शनिवारी सकाळी सगळे जमलो. काढण्यासारखं दिसत काहीच नव्हतं. सीट, गालिचे, पॅनेल सगळं आधीच गेलेलं. मी नियमांचं पुस्तक घेऊन बसलो. पत्रा कापायचा नाही, भोकं पाडायची नाहीत, काच बदलायची नाही. फरशीच्या पत्र्यावर कंपनीनं चिकटवलेले डांबराचे थर काढायला हरकत नव्हती, ते छिन्नीनं खरवडून काढले. थोडं वजन उतरलं. पुरेसं नाही.

मग देगलूर दाराखालच्या पोकळ पत्र्यावर पान्यानं ठोकत निघाली. एका जागी टणटण वाजलं. पुढे आवाज बदलला, भरलेल्या रांजणासारखा. ती थांबली, पुन्हा ठोकलं. मग आम्ही सगळेच गुडघ्यावर बसून ठोकायला लागलो.

दाराखालची पाण्याच्या निचऱ्याची भोकं बुजलेली होती. रबरी बूच उपसून मी वाकवलेली सळई आत घातली आणि ओढली. काळी माती आली. वाळून दगड झालेली, आपल्याकडची चोपण माती. टॅक्सी असताना किती पावसाळे ती खेड्यांच्या रस्त्यांवरून गेली असेल, तेवढा चिखल आत साठून बसला होता. आम्ही पाण्याचा पाइप लावला आणि ती ओघळायला लागली. घमेलं भरलं, दुसरं भरलं, दुसरी बाजू उघडली तर तिकडे त्याहून जास्त. कप्तान चिखलानं माखून शेडभर नाचत होता. शेडचा मालक म्हणाला, “एवढ्यात तर कोथिंबीर येईल.” कुणीतरी खरंच विचारलं, कोथिंबिरीचं बी आहे का.

गाडी वाळवून पुन्हा आडतीवर नेली. या वेळी काटे इलेक्ट्रॉनिक मिळाले. देगलूर मापाड्यासमोर हात जोडून उभी राहिली.

“मामा, तुमी फक्त हुबं ऱ्हावा. बोलू नका. आकडा मी वाचते.”

मापाडी तोंडावर उपरणं धरून उभा राहिला. तिनं चारही पाट्या वाचल्या. माझ्यासकट गाडी किमान वजनाच्या काट्यावर येऊन बसली होती.

“कशी काय उतरली?” मापाड्यानं उपरण्याआडून विचारलं.

कप्ताननं मातीचं सांगितलं. दोन्ही बाजूंची मिळून किती निघाली तेही सांगितलं. मापाड्यानं उपरणं खाली केलं आणि आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं.

“माती निघाली ना? मग मी उगंच कापला व्हय?”

 कप्तानचे मामा गल्ल्यावर डोकं टेकवून हसत होते.

निघताना देगलूरनं दोन किलोची एक लोखंडी पट्टी माझ्या सीटमागे बसवायला घेतली. कप्तान भडकला. एवढी माती काय हौसेनं काढली का, म्हणाला.

“मार्चचं ऊन हाय,” ती म्हणाली. “अंगात तो जाड सूट. हा माणूस मोजणीलाच किती गळला व्हता, इसरलास का? शर्यतीत काय व्हईल? पेट्रोलबी जळतंय. दोन किलो आपला कडता ऱ्हाऊ दे.”

पट्टी राहिली.

दुसऱ्या फेरीला धावपट्टीवर उन्हानं हवा थरथरत होती. मी मधल्या रांगेतून सुटलो. पहिल्याच वळणाआधी मला कळलं की ही वेगळी गाडी आहे. ब्रेक दाबला की ती लगेच ऐकत होती, सोडला की पुढे झेपावत होती. मागच्या फेरीत सरळ पट्टीवर जे निसटायचे त्यांच्या मागच्या दिव्याची तडकलेली काच आता मला दिसत होती. आणि ती जवळ येत होती. मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होतो, काय बोलत होतो ते आठवत नाही. चिखलात ट्रॅक्टर फिरवताना चाक हिसडायचं नसतं, हळू वळवून वाट बघायची असते. टायर तापून घसरायला लागले तसा मी तेच करत गेलो. एकाला आतून काढला. एकानं मला बाहेर ढकललं, त्याला पुढच्या वळणावर पुन्हा गाठला. शेवटून दुसऱ्या चकरेत पुढचे दोघं एकमेकांना घासून बाजूला गेले आणि मी मधून निघालो तेव्हा देगलूर कठड्यावर चढून तीन बोटं दाखवत होती. मला वाटलं तीन चकरा उरल्या आहेत. झेंडा पडला तेव्हा कळलं, मी तिसरा आलो होतो.

पहिल्या तिघांनी गाडी थेट काट्यावर न्यायची. चालकानं उतरायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. सूट अंगाला चिकटला होता. पहिल्याची गाडी मोजली, बरोबर. दुसऱ्याची मोजली, तपासनिसानं मान हलवली, पुन्हा मोजली, आणि ती कमी भरली, म्हणजे बाद. त्या पोराचा चेहरा मी पाहिला. तोही माझ्यासारखाच घामानं निथळत होता. मग आमची गाडी ढकलत वर नेली. या वेळी ढकलणारे बाकीचे होते आणि आत मी.

मला पाटी दिसत नव्हती. तपासनीस वाकून बघत होता. त्याच्या खांद्यावरून देगलूर बघत होती. तिच्या तोंडाकडे बघून काही कळेना. मग तिनं गळा साफ केला आणि थेट आडतीवरचा सूर लावला.

“लाऽभ...”

आणि आकडा पुकारला. किमान वजनाच्या वर, किलोभरही नाही. तपासनिसानं तिच्याकडे चमकून बघितलं, मग कागदावर सही केली. आम्ही दुसरे झालो.

मी उतरलो. कप्ताननं मला उचलायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही. बाबांना फोन लावला. दुसरा आलो म्हणालो.  काय विचारावं हे त्यांना सुचत नसावं.

“वजन बराबर भरलं का?”

“भरलं बाबा.”

“कडता?”

“आपलाच व्हता. आपणच ठेवलेला.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि मागे कुणालातरी सांगितलेलं मला ऐकू आलं, “दुसरा आला म्हनं.”

मी वळलो तर देगलूर गाडीत बसलेली होती. नियमाप्रमाणे पुढच्या फेरीत आम्हाला जादा वजन वाहायचं होतं, आणि ते गाडीत कुठं बसवायचं यावर ती कप्तानशी आताच भांडत होती. एका हातानं सीट पुढे ओढत होती. सीट हलेना.

“अन्ना, काय करून ठेवलंस हे? रुतून बसलीय.”

मी मागून धक्का दिला. सीट सरकली, तिचे पाय पेडलला पोचले, आणि तिनं आरसा आपल्याकडे फिरवला.